लांबलेला डोळा आणि प्रवरेचे खोरे

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, सह्याद्रीच्या कण्याला लागून असलेल्या भंडारदरा येथे प्रवरा नदीवर १९१० ते १९२६ या काळात जे दगडी धरण उभे राहिले, त्याचा इतिहास सिंचनाच्या, साखर कारखानदारीच्या आणि अलीकडे पर्यटनाच्या अंगाने पुष्कळ लिहून झाला आहे. त्याच खोऱ्यातील माणसांच्या दृष्टीचा इतिहास मात्र कोणी वेगळा मांडलेला नाही. डोळ्यांच्या आजारांचा महाराष्ट्रातील ग्रामीण इतिहास म्हणून जे काही सांगितले जाते, तो बहुतेक मोतीबिंदूचा इतिहास असतो. बाहुलीत पांढरा डाग दिसतो, घरातले माणूस चाचपडू लागते, शिबिराचा फलक लागतो, शस्त्रक्रिया होते आणि दृष्टी परत येते, असा या आजाराचा क्रम सगळ्या गावाला डोळ्यांनी दिसतो. तीव्र लघुदृष्टीमुळे दृष्टिपटलाची होणारी हानी याच्या अगदी उलट स्वभावाची आहे. ती बाहेरून दिसत नाही, दुखत नाही, वर्षानुवर्षे हळूहळू वाढते आणि चष्म्याच्या जाड काचेमागे झाकून राहते. म्हणूनच वैद्यकालाही ती उशिरा कळली आणि ग्रामीण आरोग्यव्यवस्थेच्या नजरेत तर ती अद्याप पुरती भरलेली नाही.

लघुदृष्टी, म्हणजे ज्याला बोलीत ‘मायनस नंबर’ म्हणतात तो दोष, डोळ्याच्या लांबीशी निगडित आहे. प्रौढ माणसाचा निरोगी डोळा पुढून मागे साधारण २३ ते २४ मिलिमीटर लांब असतो आणि समोरचा पारदर्शक भाग व आतले भिंग मिळून दूरच्या वस्तूचे किरण नेमके मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, एकत्र आणतात. डोळा प्रमाणापेक्षा लांब वाढला की हेच किरण पडद्याच्या अलीकडेच एकवटतात आणि दूरचे दृश्य धूसर होते. लांबीतील एका मिलिमीटरच्या वाढीने चष्म्याच्या नंबरात अडीच ते तीन डायऑप्टरचा फरक पडतो. डायऑप्टर हे भिंगाची शक्ती मोजण्याचे एकक असून ते १८७२ मध्ये फ्रेंच नेत्रवैद्य फर्दिनां मोनोये यांनी सुचवले. उणे ६ किंवा त्याहून मोठ्या नंबराला सामान्यतः तीव्र लघुदृष्टी म्हटले जाते. अशा माणसाला चष्म्याशिवाय स्वच्छ दिसण्याची सीमा डोळ्यापासून सोळा-सतरा सेंटिमीटरवर, म्हणजे वीतभराच्याही आत, येऊन ठेपते. परंतु नंबर हे केवळ बाह्य लक्षण आहे. खरा विकार डोळा लांबण्याचा आहे आणि त्या लांबण्याची किंमत दृष्टिपटलाला मोजावी लागते. ही गोष्ट स्पष्ट होण्यास युरोपातील वैद्यकालाही एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला.

भारतीय वैद्यकात सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ दिली असून, डोळ्याच्या एकेका पटलात दोष शिरत गेल्यावर दृष्टी कशी बिघडत जाते याचे बारीक वर्णन आहे. दूरचे जवळ आणि जवळचे दूर भासणे, सुईचे नेढे न दिसणे अशी लक्षणेही तेथे आढळतात. तथापि त्या काळच्या ज्ञानात डोळ्याच्या लांबीची कल्पना नव्हती आणि ती असण्याची अपेक्षा करणेही योग्य नाही. चष्म्याचा प्रवेश भारतात पोर्तुगीजांच्या संपर्कातून झाला, असे मानण्यास सबळ आधार पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील हस्तलिखितांचे अभ्यासक परशुराम कृष्ण गोडे यांनी पुढे आणला. विजयनगरच्या दरबारात मान असलेले माध्व संन्यासी व्यासराय हे ग्रंथ वाचताना डोळ्यांवर भिंगे धरीत, असा उल्लेख सोमनाथ कवीच्या सोळाव्या शतकातील संस्कृत चरित्रात आहे, याकडे गोडे यांनी चष्म्याच्या भारतीय इतिहासावरील आपल्या निबंधात लक्ष वेधले. हा चष्मा अर्थातच वाचण्यासाठीचा, म्हणजे मराठीत ज्याला चाळिशी म्हणतात त्या जातीचा होता. चाळिशीचे फुगीर भिंग युरोपात तेराव्या शतकाच्या अखेरीस आले, तर लघुदृष्टीसाठी लागणारे खोलगट भिंग पंधराव्या शतकाच्या मध्यापर्यंत आले नाही. राफाएलने सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रंगवलेल्या पोप दहाव्या लिओच्या चित्रात त्याच्या हातात असे खोलगट भिंग दिसते. वाचणाऱ्या म्हाताऱ्यांची गरज आधी भागली आणि दूरचे न दिसणाऱ्या तरुणांची दीड शतकानंतर, या क्रमामागे भिंग घासण्याच्या तंत्राची अडचण जितकी होती तितकीच, चष्मा हा वाचणाऱ्या वर्गाचाच जिन्नस मानण्याची वृत्तीही असावी.

खोलगट भिंगाने दूरचे का दिसते, याची उपपत्ती १६०४ मध्ये योहानेस केप्लर याने दिली. प्रतिमा भिंगात उमटत नसून मागच्या पडद्यावर उमटते, हे त्याने दाखवले. तो स्वतः अधू दृष्टीचा होता, हा योगायोग नोंदवण्यासारखा आहे. परंतु केप्लरची उपपत्ती प्रकाशाची होती, शरीराची नव्हती. इटालियन शरीररचनातज्ज्ञ अंतोनिओ स्कार्पा याने १८०१ मध्ये मृत व्यक्तींच्या डोळ्यांची तपासणी करताना मागच्या बाजूला एक विचित्र फुगवटा आल्याचे वर्णन केले, मात्र या फुगवट्याचा लघुदृष्टीशी असलेला संबंध त्याच्या ध्यानी आला नाही. तो संबंध फर्दिनांद फॉन आर्ल्ट याने १८५० च्या दशकात प्रत्यक्ष विच्छेदनातून सिद्ध केला. जिवंत माणसाच्या डोळ्यात डोकावून पाहणे तर हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने १८५१ मध्ये नेत्रदर्शक यंत्र जगापुढे ठेवले तेव्हाच शक्य झाले. या साध्या दिसणाऱ्या यंत्राने नेत्रवैद्यकाचा सारा इतिहासच दोन भागांत विभागला, असे म्हणण्यास हरकत नाही. त्यापूर्वी बाहुलीच्या मागे काय घडते हे केवळ तर्काने सांगावे लागे. डच वैद्य फ्रान्सिस्कस डोन्डर्स याने १८६४ च्या आपल्या ग्रंथात या सर्व निरीक्षणांची सांगड घालून, मोठ्या नंबराचा डोळा हा केवळ चष्म्याने भागणारा डोळा नसून आजारी डोळा आहे, ही भूमिका घेतली. आजही तीत फारशी दुरुस्ती करावी लागत नाही.

याच सुमारास लोकमानसात खोलवर रुजलेल्या एका समजुतीला शास्त्राचे बळ मिळाले. ब्रेस्लाउ येथील नेत्रवैद्य हर्मान कोन याने १८६० च्या दशकात दहा हजारांहून अधिक शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि वरच्या इयत्तेगणिक लघुदृष्टीचे प्रमाण वाढते, असे दाखवले. वाचनाने डोळे बिघडतात, हा निष्कर्ष तेव्हापासून सर्वत्र फिरू लागला आणि तो महाराष्ट्रातही मान्य होता. प्रवरेच्या खोऱ्याला लागून असलेल्या नाशिक जिल्ह्यातील निफाड येथे १८४२ मध्ये जन्मलेले न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे डोळे विद्यार्थिदशेतच दुखावले होते आणि पुढे इतरांकडून वाचून घेण्याचा परिपाठ त्यांना ठेवावा लागला. चरित्रकारांनी त्याचे खापर अतिवाचनावर फोडले. रानडे यांचा विकार लघुदृष्टीचाच होता असे त्यावरून ठरत नाही, मात्र त्या पिढीला डोळ्यांच्या बिघाडाचे कोणते कारण सहज पटत होते, एवढे त्यातून समजते. कोनचे निरीक्षण खोटे नव्हते. जवळचे काम आणि घरात कोंडलेले बालपण यांनी डोळा लांबतो, हे आजही मानले जाते. तथापि त्या समजुतीने एक घोटाळा करून ठेवला: जो वाचत नाही त्याला हा आजार होणारच नाही, असे गृहीत धरले गेले, आणि अनुवंशाने शाळेत जाण्यापूर्वीच मोठा नंबर घेऊन आलेले मूल, विशेषतः ज्या घरात पुस्तकच नाही अशा घरातले मूल, कोणाच्या नजरेस पडेनासे झाले.

या पार्श्वभूमीवर मुंबई इलाख्यातील नेत्रचिकित्सेची सुरुवात पाहावी लागते. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व त्याला जोडलेले जमशेटजी जीजीभॉय रुग्णालय १८४५ मध्ये सुरू झाले आणि सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून १८६० च्या दशकात त्याच परिसरात स्वतंत्र नेत्ररुग्णालय उभे राहिले. पुण्यात ससून रुग्णालय १८६७ मध्ये आणि बैरामजी जीजीभॉय यांच्या नावाची वैद्यकशाळा १८७८ मध्ये आली. हेल्महोल्ट्झचे यंत्र या संस्थांपर्यंत पोहोचले, पण ते घेऊन कोणी अकोल्याच्या डांगाणात जाण्याचा प्रश्न त्या काळी नव्हता. पावसाळ्यात घाटघर-रतनवाडी पट्ट्यात कोसळणाऱ्या पावसाने आजही जेथे वाटा बंद पडतात, तेथे महादेव कोळी आणि ठाकर वाड्यांमध्ये नेत्रदर्शक यंत्र पोहोचण्यास विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. तोवर ज्याला दूरचे दिसत नाही त्याची ओळख अधू डोळ्यांचा एवढीच राहिली.

लांबलेल्या डोळ्यात पडद्यावर नेमके काय घडते, हे येथे थोडे विस्ताराने पाहणे आवश्यक आहे, कारण या आजाराचे गांभीर्य त्याच्या यंत्रणेतच आहे. डोळ्याची भिंत तीन थरांची असते: बाहेरचे घट्ट श्वेतपटल, मधले रक्तवाहिन्यांनी भरलेले रंजितपटल आणि आतले प्रकाश ग्रहण करणारे दृष्टिपटल. डोळा लांबतो तेव्हा हे थर नवे तयार होत नाहीत, असलेलेच ताणले जातात आणि पिठाचा उंडा थापताना भाकरी जितकी पसरेल तितकी पातळ होत जाते, तसे ते विरळ होतात. सर्वांत आधी रंजितपटल पातळ होते, त्यामुळे दृष्टिपटलाचा रक्तपुरवठा घटतो. या दोहोंमध्ये असलेल्या ब्रूखच्या पटलाला, म्हणजे अतिशय तलम अशा विभाजक पडद्याला, बारीक भेगा पडतात. वैद्यकात त्यांना लॅकर क्रॅक म्हणतात. मागच्या बाजूचे श्वेतपटलच ढिले पडून बाहेर फुगते तेव्हा स्कार्पाने पाहिलेला तो फुगवटा तयार होतो आणि त्याच्या काठाने दृष्टिपटलाची झीज पसरते. पीतबिंदू, म्हणजे वाचण्यास, चेहरा ओळखण्यास आणि सूक्ष्म काम करण्यास लागणारा दृष्टिपटलाचा मध्यभाग, या ताणाच्या ऐन क्षेत्रात असल्याने सर्वाधिक नुकसान तेथेच होते.

यातही एक टप्पा अचानक येणारा असतो. भेगांमधून कधी रंजितपटलातील अनैसर्गिक, नाजूक रक्तवाहिन्या दृष्टिपटलाखाली शिरतात, पाझरतात व रक्तस्राव करतात. काही दिवसांत सरळ रेषा वाकडी दिसू लागते आणि नजरेच्या मधोमध डाग बसतो. हा डाग सुकल्यावर उरणाऱ्या काळसर ठिपक्याचे वर्णन व्हिएन्नाचा एर्न्स्ट फुक्स याने १९०१ मध्ये केले, म्हणून त्याला फुक्सचा डाग म्हणतात. दुसरा धोका मध्यभागी नसून कडेला असतो. पातळ झालेल्या कडेवर जाळीदार झिजेचे पट्टे पडतात, डोळ्यातील जेलीसारखा द्रव आकसताना त्या पट्ट्यांना ओढतो, छिद्र पडते आणि छिद्रातून द्रव मागे शिरून पडदा भिंतीपासून सुटतो. यालाच लोक पडदा सरकणे म्हणतात. मार न लागता सुटणाऱ्या पडद्यांपैकी निम्म्याच्या आसपास रुग्णांना लघुदृष्टी असते, हे अनेक ठिकाणी आढळले आहे. याखेरीज काचबिंदू आणि अकाली मोतीबिंदू हेही या डोळ्याच्या वाट्याला अधिक येतात.

उपचारांचा इतिहास तुलनेने लहान आहे. पडदा सुटला की डोळा गेला, असेच विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत मानले जाई. छिद्र बंद केल्याशिवाय पडदा बसत नाही, ही गोष्ट स्वित्झर्लंडमधील लोझानचा ज्यूल गोनँ याने १९२० च्या दशकात, चेष्टा सोसत, शस्त्रक्रियेने सिद्ध केली. भंडारदऱ्याच्या भिंतीचे दगड चढत होते त्याच वर्षांत हे घडत होते. पुढे लेझर किरणांनी छिद्राच्या भोवती चट्टा पाडून पडदा चिकटवणे शक्य झाले आणि १९७० पासून रॉबर्ट माखेमर याच्या पद्धतीने डोळ्यातील द्रव काढून आतून शस्त्रक्रिया होऊ लागली. अनैसर्गिक रक्तवाहिन्यांवर मात्र दीर्घकाळ काहीच इलाज नव्हता. या वाहिन्यांची वाढ थांबवणारी इंजेक्शने डोळ्यात देण्याची पद्धत एकविसाव्या शतकातच रूढ झाली आणि वेळेत दिली तर ती दृष्टी बऱ्याच अंशी वाचवतात. तथापि जो भाग एकदा झिजून गेला तो परत आणणारे औषध आजही नाही, आणि ही मर्यादा झाकून आशा विकणाऱ्या जाहिरातींची संख्या मोठी आहे.

आता पुन्हा प्रवरेकडे वळावे लागते. भंडारदऱ्याचे पाणी ओझर बंधाऱ्यापासून कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरी या पट्ट्यात गेले, त्यावर ऊस पिकला आणि लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये गाळप करू लागला. त्याच समृद्धीतून पुढे लोणीला रुग्णालय आणि १९८४ मध्ये ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आले. धरणाचे पाणी जसे खाली वाहिले तसे वैद्यकही आधी खालच्या खोऱ्यात पोहोचले. ज्यांच्या डोंगरात पाणी अडले त्यांना डोळ्यांच्या तज्ज्ञासाठी खाली उतरावे लागले किंवा इगतपुरी-नाशिकची वाट धरावी लागली. हा कोणा एका संस्थेचा दोष नसून सिंचनाच्या अर्थकारणाचाच परिणाम आहे, मात्र डोळ्यांच्या बाबतीत त्याचे मोल वेगळे ठरते, कारण सुटलेला पडदा आठवडाभर थांबत नाही.

खालच्या खोऱ्यातून वर डोंगरात आले ते शिबिर, आणि शिबिर आले ते मोतीबिंदूचे. देशात १९७६ मध्ये राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा त्याचा रोख मोतीबिंदूवर असणे अगदी रास्त होते, कारण देशातील बहुसंख्य अंध त्याच आजाराने अंध होते. यशाचे मोजमापही मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या संख्येने होऊ लागले. मोतीबिंदू नसलेल्या डोळ्याला शिबिरात चष्मा मिळे किंवा काही नाही. बाहुली मोठी करणारे थेंब घालून, अर्धा-पाऊण तास थांबून, पडद्याच्या कडेपर्यंत पाहण्याचे काम गर्दीच्या शिबिराच्या वेळापत्रकात बसणारे नव्हते. मोठ्या नंबराच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकल्यावर तो काढला जाई आणि तरीही नजर सुधारत नसे, तेव्हा नातेवाईक शस्त्रक्रियेला बोल लावत. पडदा आधीच झिजलेला होता, हे त्यांना कोणी आधी सांगितलेले नसे.

ग्रामीण महाराष्ट्रात हा आजार किती आहे, याचे उत्तर देणारे एक मोठे काम नागपूर येथील सूरज नेत्र संस्थेचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मन नेत्रतज्ज्ञ योस्ट योनास यांनी २००६ ते २००९ या काळात केले. नागपूरच्या ग्रामीण भागातील आठ गावांत तीस वर्षांवरील ४,७११ जणांचे डोळे या पाहणीत तपासले गेले. डोळ्याची सरासरी लांबी २२.६ मिलिमीटर आढळली, म्हणजे पूर्व आशियातील शहरांच्या तुलनेत लहान. सौम्य धरून लघुदृष्टीचे प्रमाण सुमारे १७ टक्के होते, परंतु त्यात वाढत्या वयात भिंग घट्ट होऊन आलेल्या मायनस नंबराचाही वाटा मोठा होता. उणे ६ च्या पुढचे रुग्ण शंभरात एकही भरत नव्हते. जपानमधील ताजिमी शहराच्या पाहणीत एका डोळ्याच्या अंधत्वाचे पहिले कारण लघुदृष्टीने झालेली पीतबिंदूची झीज हेच निघाले होते, त्या मानाने विदर्भातील शेतकरी सुरक्षित ठरतो. परंतु या दिलाशाला एक मुदत आहे. तपासलेली पिढी उन्हात वाढलेली, थोडे शिकलेली होती. भंडारदरा परिसरातील आजची पिढी राजूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या आश्रमशाळांत वर्षाचे बहुतेक महिने राहते, आणि हातात मोबाइलही आला आहे. गुरांमागे दिवसभर रानात असणाऱ्या मुलाच्या डोळ्याला जो प्रकाश मिळत असे, तो वसतिगृहाच्या खोलीत मिळत नाही. घराबाहेर रोज दोन तास घालवल्याने लघुदृष्टीची सुरुवात लांबते, हे पूर्व आशियातील शाळांमधील प्रयोगांनी दाखवून दिले आहे, आणि डोंगराच्या कुशीतील शाळेला हा उपाय फुकटात मिळणारा आहे.

शाळकरी मुलांच्या तपासणीचा मार्गही आता अस्तित्वात आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ महाराष्ट्रातच, पालघर येथून, झाला आणि त्यात दृष्टिदोषाचा समावेश आहे. मात्र तक्त्यावरची अक्षरे वाचवून घेणारी तपासणी नंबर शोधते, पडदा पाहत नाही. हीच उणीव शहरातील सुशिक्षितांमध्ये वेगळ्या रूपात दिसते: लेझर शस्त्रक्रियेने चष्मा सुटला की डोळा बरा झाला, असे अनेक जण समजतात. त्या शस्त्रक्रियेने समोरच्या पारदर्शक भागाचा आकार बदलतो, डोळ्याची लांबी तशीच राहते आणि उणे १० चा डोळा चष्म्याविना झाला तरी पडद्याच्या हिशेबी उणे १० चाच असतो. पोलीस वा सैन्यभरतीसाठी नंबर घालवून आलेल्या तरुणाला ही गोष्ट सांगण्याची जबाबदारी शस्त्रक्रिया करणाऱ्यावर आहे आणि ती नेहमी पार पाडली जाते असे नाही.

अकोले तालुक्याच्या दृष्टीने यातून निघणारे काम मोठे नाही. आश्रमशाळांच्या तपासणीत ज्या मुलाचा नंबर उणे ६ च्या पुढे जाईल, किंवा ज्याला शाळेत जाण्यापूर्वीच मोठा चष्मा लागला असेल, अशांची वेगळी यादी ठेवून त्यांना वर्षातून एकदा थेंब घालून पडदा तपासणाऱ्या रुग्णालयात नेण्याची सोय प्रकल्प कार्यालय आणि तालुका आरोग्य यंत्रणा यांनी मिळून करावी. ही मुले संख्येने थोडीच असतील. डोळ्यापुढे अचानक वीज चमकल्यासारखा प्रकाश दिसणे, काळे ठिपके वा जाळे तरंगू लागणे, कडेने सावलीचा पडदा पुढे येणे आणि सरळ रेषा वाकडी दिसणे, ही चार लक्षणे वसतिगृहाच्या भिंतीवर मराठीत लिहून ठेवावीत आणि त्यांतील एकही दिसले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.